पट्टी, पत्रक आणि मळा-मला : बागलाणच्या वर्गासाठी भाषेचे साहित्य

सटाणा शहरातली असो की बागलाण तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरची, शाळेत आज साहित्याची तशी वाण नाही. भिंती रंगवलेल्या आहेत, छताला शब्दपट्ट्या टांगल्या आहेत, कपाटात साहित्याची पेटी आहे. (पेटी बहुधा कुलपात असते, कारण हरवले तर हिशेब द्यावा लागतो.) अडचण वेगळीच आहे. चौथीतले मूल उतारा धडाधड वाचते आणि खाली ‘आजी का रागावली?’ असा प्रश्न आला की ज्या ओळीत ‘आजी’ हा शब्द आहे ती ओळ जशीच्या तशी उतरवून मोकळे होते. त्याच मुलाला ‘काल मार्केटला काय झाले?’ असे विचारा. लिलाव का थांबला, कोणाच्या ट्रॅक्टरवरून वाद झाला, भाव का पडला, सगळे कारणांसह सांगेल. म्हणजे समज आहे, कारण शोधण्याची सवय आहे. ती छापील ओळीपर्यंत पोचलेली नाही, इतकेच.

म्हणून या लेखात विकत आणायच्या वस्तूंची यादी नाही. बागलाणात हाताशी असलेल्या गोष्टी घेऊन आकलन, शुद्धलेखन आणि व्याकरण कसे शिकवता येईल, हे तिसरी ते सातवीच्या शिक्षकांसाठी आणि घरी अभ्यास घेणाऱ्या पालकांसाठी लिहीत आहे.

आधी कोण कुठे आहे ते पाहा

वर्गाला एकच उतारा देण्याआधी प्रत्येक मुलाला पाच मिनिटे शेजारी बसवून घ्या. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणातली चाचणी यासाठी पुरते. एका पानावर चार पायऱ्या असतात : सुटी अक्षरे, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल ज्या पायरीपर्यंत नीट वाचते ती त्याची पायरी. असे पान हाताने लिहून झेरॉक्स काढले तरी चालते. फक्त परिच्छेद आणि गोष्ट मुलांच्या पाठ्यपुस्तकातली नको, नाहीतर पाठांतराचीच परीक्षा होते.

गोष्ट वाचणाऱ्या मुलांसाठी एक पाचवी पायरी आपण जोडायची. गोष्ट वाचून झाली की पान उलटे ठेवा आणि ‘काय झाले ते मला सांग’ म्हणा. इथे वर्गाचे खरे दोन गट पडतात. काहींचे वाचन अडखळत असते, पण जेवढे वाचले तेवढे समजलेले असते. काहींचे वाचन ओघवते असते आणि हाती काहीच लागलेले नसते. फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर या अभ्यासकांनी १९८६ साली मांडले होते की वाचून समजणे हा अक्षरे उलगडण्याचा आणि भाषा समजण्याचा गुणाकार आहे, बेरीज नव्हे. एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्यच येते. पहिल्या गटाला रोज मोठ्याने वाचायचा सराव हवा. दुसऱ्या गटाला आणखी वाचायला लावून उपयोग नाही. त्याच्याशी वाचलेल्यावर बोलावे लागते. दोघांना एकच ‘वाचन सराव पुस्तिका’ देणे म्हणजे दोघांचाही तास वाया घालवणे.

उतारे गावातच आहेत

आकलनासाठी उतारा म्हटले की परी, राजा, सिंह आणि ससा येतात. त्यांना माझा विरोध नाही. पण बागलाणातल्या घरात रोज वाचल्या जाणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. बाजार समितीतून येणारी हिशेब पट्टी, फवारणीच्या औषधाच्या बाटलीसोबतचे पत्रक, वर्तमानपत्रातले बाजारभावाचे रकाने, एसटी स्थानकावरचा फलक, ग्रामसभेची नोटीस, लग्नपत्रिका, रेशन दुकानावरची पाटी. यातल्या प्रत्येकाची वाचायची रीत निराळी असते, आणि घरातली मोठी माणसे ती वाचताना चुकली तर पैशाचे नुकसान होते. मुलांना हे ठाऊक असते, म्हणून ती मन लावून वाचतात.

पट्टीपासून सुरुवात करा. कांदा विकल्यावर मिळालेली जुनी पट्टी एखाद्या पालकाकडून मागा, नाव आणि नंबर झाकून तिच्या प्रती काढा. तिच्यावर मालाचे नाव, वजन, क्विंटलचा भाव, हमाली, तोलाई, एकूण आणि निव्वळ रक्कम असते. आधी सोपे विचारा : भाव किती मिळाला? मग जोडून काढायचे : ‘एकूण’ आणि ‘निव्वळ’ यांत फरक का पडला? कोणकोणत्या ओळी वाचल्यावर हे कळले? आणि शेवटी : पट्टीवर कोणती माहिती असायला हवी होती, पण नाही? या शेवटच्या प्रश्नाला मुले वेगवेगळी उत्तरे देतात आणि त्यावर भांडतात. भांडू द्या, पण प्रत्येकाने आपले बोट पट्टीवरच्या कुठल्या तरी ओळीवर ठेवूनच बोलायचे, हा नियम.

औषधाच्या पत्रकाला मात्र वेगळी काळजी घ्यावी. रिकामी बाटली, डबा, पाकीट शाळेत आणू द्यायचे नाही. फक्त न वापरलेले कागदी पत्रक, तेही शिक्षकाने स्वतः आणलेले, किंवा लेबलाचा फोटो मोठा करून काढलेली प्रत घ्यायची. लेबलावर तिरपा चौकोन असतो, त्याचे दोन त्रिकोण केलेले असतात आणि खालच्या त्रिकोणाचा रंग विषारीपणा सांगतो : सर्वांत विषारी ते लाल, मग पिवळा, मग निळा आणि सर्वांत कमी तो हिरवा. द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागेत वावरणाऱ्या मुलांपैकी कितीतरी जणांनी हा चौकोन रोज पाहिलेला असतो आणि तो काही सांगतो हे त्यांना ठाऊक नसते. पत्रकातली भाषा जड, वाक्ये लांबलचक आणि अक्षर बारीक असते. म्हणून सहावी-सातवीला हे काम द्या : पत्रकातल्या चार सूचना निवडा आणि चौथीतल्या भावाला समजेल अशा साध्या वाक्यांत लिहा. ‘फवारणी व काढणी यांमधील प्रतीक्षा काळ’ हे ‘फवारल्यावर इतके दिवस फळ तोडू नका’ असे लिहिता आले, की ते वाक्य समजले याचा दुसरा पुरावा मागायची गरज नाही.

बाजारभावाच्या रकान्यात कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सरासरी असे तीन आकडे असतात. लागोपाठच्या दोन दिवसांची कात्रणे शेजारी चिकटवा आणि मुलांकडून तीन वाक्यांची बातमी लिहून घ्या. एसटीचा फलक आणि लग्नपत्रिका यांवर फार वेळ घालवू नका. एखाद्या तासाला विरंगुळा म्हणून ठीक आहेत.

देवमामलेदारांवरचा एक उतारा

गावातली गोष्ट गावातल्या मुलांना माहीत असते, त्यामुळे वाचायचे काय, असा आक्षेप येऊ शकतो. पण माहीत असलेली गोष्टच बारकाईने वाचायला शिकवणे सोपे जाते. सटाण्याच्या मार्गशीर्षातल्या यात्रेला गेलेले प्रत्येक मूल यशवंतराव महाराजांचे नाव जाणते. त्यांच्यावरचा हा उतारा असा लिहिता येईल :

‘यशवंतराव भोसेकर हे बागलाणचे मामलेदार होते. त्या वेळी दुष्काळ पडला. लोकांजवळ धान्य नव्हते, पैसाही नव्हता. मामलेदारांनी आपल्याजवळचे होते ते देऊन टाकले. तेवढ्याने भागेना, तेव्हा त्यांनी सरकारी खजिना वाटला असे सांगतात. वरिष्ठ तपासणीला आले तेव्हा खजिना भरलेला निघाला, असे भाविक मानतात. लोक त्यांना देवमामलेदार म्हणू लागले. सटाण्यात आरम नदीच्या काठी त्यांचे मंदिर आहे.’

पहिले प्रश्न सापडणाऱ्या उत्तरांचे : ते कुठले मामलेदार होते? मंदिर कोणत्या नदीच्या काठी आहे? मग जोडून काढायचे : ‘तेवढ्याने’ म्हणजे कशाने? खजिना वाटल्यावर तपासणीची भीती का वाटावी? हे उताऱ्यात कुठेही लिहिलेले नाही. ते खजिना कोणाचा असतो हे माहीत असल्याशिवाय कळत नाही. मग स्वतःचे मत : मामलेदारांनी केले ते बरोबर होते का, आणि तुमच्या उत्तराला उताऱ्यातला आधार कोणता?

पण या उताऱ्यातला सगळ्यांत उपयोगी प्रश्न क्रियापदांचा आहे. काही वाक्ये ‘होते’, ‘आहे’ यांवर संपतात. दोन वाक्ये ‘सांगतात’, ‘मानतात’ यांवर संपतात. लेखकाने असे का केले? पाचवीतली मुले हे शोधतात, थोडा धीर धरला तर. कोणती गोष्ट लेखक स्वतःच्या जबाबदारीवर सांगतो आहे आणि कोणती लोकांच्या तोंडून, हे वाक्याच्या शेवटावरून ओळखता आले, की वर्तमानपत्र आणि मोबाइलवर आलेला मजकूर वाचतानाही ते कामी येते. श्रद्धेचा प्रश्न इथे उकरायचा नाही. वाक्य काय म्हणते एवढेच पाहायचे.

असेच उतारे साल्हेर, मुल्हेर, मांगीतुंगी यांवर लिहिता येतील. साल्हेरची उंची १५६७ मीटर आणि कळसूबाईची १६४६. हे दोन आकडे देऊन ‘साल्हेर हा राज्यातला सर्वांत उंच किल्ला आहे, पण सर्वांत उंच शिखर नाही’ हे वाक्य मुलांना उलगडायला सांगा. फेब्रुवारी १६७२ ची साल्हेरची लढाई आहेच. आकडे आणि सनावळी मात्र विश्वकोशातून किंवा चांगल्या पुस्तकातून पडताळून घ्या. स्थानिक इतिहासाच्या नावाखाली मोबाइलवर फिरणारा मजकूर फळ्यावर उतरवू नका.

प्रश्न विचारणे म्हणजे शिकवणे नव्हे

अमेरिकेत डोलोरेस डर्किन यांनी १९७० च्या दशकात चौथीच्या वर्गांत बसून वाचनाच्या तासांची मिनिटवार नोंद ठेवली. ४,४६९ मिनिटांपैकी आकलन कसे करायचे हे शिकवण्यात गेलेली मिनिटे भरली अवघी २०. प्रश्न विचारण्यात आणि उत्तरे तपासण्यात मात्र बराच वेळ गेला. आपल्याकडचे चित्र याहून फार वेगळे असेल असे मला वाटत नाही. उतारा, खाली पाच प्रश्न, उत्तरे वहीत, वही टेबलावर. यात मुलाची परीक्षा होते. उत्तर सापडले नाही तर शोधायचे कसे, हे त्याला कोणी दाखवलेले नसते.

दाखवायचे म्हणजे शिक्षकाने मोठ्याने वाचायचे आणि मनात चाललेले तोंडाने बोलायचे. ‘तेवढ्याने भागेना... तेवढ्याने म्हणजे? मागच्या वाक्यात जाऊन पाहतो. हं, आपल्याजवळचे दिले, ते पुरले नाही.’ असे मागे वळून पाहणे मुलांना दिसले पाहिजे. चांगला वाचणारा माणूस अडला की मागे जातो. कच्चा वाचणारा अडला तरी पुढे रेटतो, कारण त्याच्या समजुतीने वाचणे म्हणजे संपवणे.

पुढची पायरी म्हणजे चार चिठ्ठ्या. पॅलिंक्सार आणि ब्राउन या दोन संशोधिकांनी १९८४ साली मांडलेली ही पद्धत जुन्या पुठ्ठ्याच्या चार तुकड्यांवर भागते. एकावर ‘पुढे काय होईल?’, दुसऱ्यावर ‘मी प्रश्न विचारतो’, तिसऱ्यावर ‘मला हे कळले नाही’, चौथ्यावर ‘थोडक्यात सांगतो’. चार मुलांचा गट, प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी. एक परिच्छेद वाचला की प्रत्येकाने आपले काम करायचे आणि चिठ्ठ्या उजवीकडे सरकवायच्या. सुरुवातीचे काही दिवस गोंधळ होतो. ‘मला हे कळले नाही’ ही चिठ्ठी कोणालाच नको असते, कारण न कळणे म्हणजे लाज असे मुले शिकून आलेली असतात. पहिल्यांदा ती चिठ्ठी शिक्षकानेच घ्यावी.

कानातली अहिराणी आणि वहीतला ‘ळ’

आता शुद्धलेखन. तपासलेल्या वहीतल्या लाल खुणा एकदा वेगळ्या नजरेने पाहा. ‘शाया’, ‘डोया’, ‘काया’, ‘पानी’ असे लिहिणारे मूल निष्काळजी नाही. ते अगदी बारकाईने, जसे ऐकले तसे लिहिते आहे. घरी अहिराणी बोलली जाते, आणि अहिराणीत प्रमाण मराठीतल्या ‘ळ’च्या जागी बहुधा ‘य’ येतो, ‘ण’च्या जागी ‘न’. तालुक्याच्या पश्चिमेच्या आदिवासी गावांत घरची बोली आणखी वेगळी. या मुलांना ‘शाळा हा शब्द दहा वेळा लिही’ म्हटले तर दहा वेळा हात दुखतो. कान तिथेच राहतो.

म्हणून चुकांचे तीन कप्पे करा. तोंडातून आलेल्या चुका, म्हणजे वरच्यासारख्या. नियम माहीत नसल्याच्या चुका, म्हणजे ह्रस्व-दीर्घाच्या. आणि हाताच्या चुका : सुटलेला काना, राहिलेला अनुस्वार, मोडलेले जोडाक्षर. तिन्हींना वेगळे साहित्य लागते.

पहिल्या कप्प्यासाठी जोडीच्या पट्ट्या करा. मळा-मला, काळ-काल, गाळ-गाल, पाळ-पाल, मग गाळ-गाय, माळा-माया, साळ-साय, मग मण-मन. दोन पट्ट्या समोर ठेवून एक शब्द उच्चारायचा, मुलाने योग्य पट्टी उचलायची. मग उलट : मुलाने म्हणायचे, जोडीदाराने उचलायची. इथे चूक झाली की लगेच कळते, कारण पट्टी चुकीची उचलली जाते. लाल खूण करावी लागत नाही. ‘ळ’ म्हणताना जिभेचे टोक मागे वळते हे छोट्या आरशात पाहू द्या. ऐकणे आणि म्हणणे पक्के झाल्यावरच लिहिणे.

याच्या जोडीला एक मोठा तक्ता : डावीकडे ‘घरी’, उजवीकडे ‘पुस्तकात’. माले – मला, तुले – तुला, आठे – इथे, तठे – तिथे, घरमा – घरात. हा तक्ता मुलांनीच भरायचा, रोज दोन-तीन शब्द. डाव्या रकान्यावर ‘अशुद्ध’ असे कधीही लिहायचे नाही आणि म्हणायचेही नाही. अहिराणीला स्वतःचे व्याकरण आहे. सटाण्याचे डॉ. सुधीर देवरे यांनी अहिराणीत ‘ढोल’ हे नियतकालिक संपादित केले आणि ‘अहिराणी लोकपरंपरा’ हे पुस्तक लिहिले. ते पुस्तक शिक्षकाच्या टेबलावर असेल तर डावा रकाना भरताना मुलांपेक्षा शिक्षकच जास्त शिकेल.

दुसऱ्या कप्प्यात घाबरायचे कारण नाही. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत चारांची भर पडली, एकूण अठरा. प्राथमिक शाळेला त्यातले तीन नीट आले तरी वही बरीच स्वच्छ होते. आणि तिन्हींसाठी शब्द शेतात आणि स्वयंपाकघरात आहेत.

एक : शब्दाच्या शेवटी ‘अ’ असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ, आणि प्रत्यय लागताना शब्दाचे रूप बदलले की तो ह्रस्व होतो. पीक – पिकाला, ऊस – उसाचा, विहीर – विहिरीत, जमीन – जमिनीवर, दूध – दुधात, मीठ – मिठाचा, चूल – चुलीवर, गूळ – गुळाचा, बहीण – बहिणीने. दोन रंगांच्या पट्ट्या करा. डावीकडे एकटा शब्द, उजवीकडे प्रत्यय लागलेला, आणि मुलांना जुळवायला द्या. गावांची नावेही यात घ्या : नामपूरला पण नामपुरात, लखमापूरहून पण लखमापुरात. स्वतःच्या गावाचे नाव असे बदलते हे मुलांना गमतीचे वाटते.

दोन : शब्दाचे शेवटचे अक्षर दीर्घ असेल तर त्याआधीचे ह्रस्व. विळा, मुळा, किडा, पुडी, सुई.

तीन : अनुस्वार किंवा जोडाक्षर यांच्या आधी ह्रस्व. चिंच, डाळिंब, भुंगा, कुस्ती, विस्तव.

हे तिन्ही मराठी शब्दांचे नियम. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला जुमानत नाहीत : पूजा, भीती, नीती, पूज्य, तीक्ष्ण, गीत – गीतात, शरीर – शरीरात. त्यांची कारणे पाचवीत सांगत बसू नका. भिंतीवर एक वेगळा चौकोन आखून त्यात ते शब्द जसे भेटतील तसे लिहीत जा, एवढे पुरे. अरुण फडके यांचे ‘शुद्धलेखन ठेवा खिशात’ हे छोटे पुस्तक शिक्षकाच्या खिशात असावे. शंका आली की वर्गासमोरच उघडून पाहावे. शिक्षकही पाहून लिहितो, हे मुलांना दिसणे चांगले.

मोठ्या मुलांसाठी एक शोधकाम. आजोबांच्या ट्रंकेतले जुने पत्र, जुनी पोथी, एखाद्या मंदिरावरची जुनी पाटी यांत ‘नांव’, ‘कांहीं’, ‘पांच’ असे अनुस्वार सापडतात का ते बघून यायचे. १९६२ च्या नियमांनी उच्चारात नसलेले हे अनुस्वार गेले. लेखनाचे नियम माणसांनी बसून ठरवलेले आहेत आणि गरजेनुसार बदललेही आहेत, हे कळले की नियमांची भीती बरीच उतरते.

श्रुतलेखनाबद्दल थोडे. शिक्षक सांगतो, मूल लिहिते, शिक्षक खुणा करतो, मूल चुकलेला शब्द पाच-पाच वेळा घोटते : या साखळीत मूल स्वतः काहीच तपासत नाही. त्याऐवजी उतारा आदल्या दिवशी द्या. अवघड वाटणारे शब्द मुलांनीच अधोरेखित करावेत. दुसऱ्या दिवशी लिहून झाल्यावर मूळ उतारा समोर ठेवून जोडीदाराची वही तपासावी आणि प्रत्येक चूक कोणत्या कप्प्यातली ते समासात लिहावे : ‘कान’, ‘नियम’ किंवा ‘हात’. शिक्षकाने त्या आठवड्यात एकाच कप्प्याकडे पाहावे. निबंधातली प्रत्येक चूक लाल केली तर मूल पुढच्या निबंधात पाचच वाक्ये लिहिते, आणि तीही त्याला नक्की येणाऱ्या शब्दांची.

व्याकरण : नावे नंतर

‘नाम म्हणजे काय?’ याची व्याख्या पाठ असलेले आणि वाक्यातले नाम न ओळखणारे मूल प्रत्येक वर्गात असते. व्याख्या शेवटी द्यायची असते. सुरुवात वाक्यपट्ट्यांनी करा. ‘मोठा कांदा पिशवीतून पडला.’ प्रत्येक शब्द वेगळ्या पट्टीवर. आता ‘कांदा’ उचलून तिथे ‘मिरची’ ठेवा. वाक्य कानाला खटकते. कोणकोणत्या पट्ट्या बदलाव्या लागतील? ‘मोठी’, ‘पडली’. मग ‘डाळिंब’ ठेवा : ‘मोठे डाळिंब पिशवीतून पडले.’ मग ‘कांदे’ : ‘मोठे कांदे पिशवीतून पडले.’ इथे चौकस मुले थबकतात : एका डाळिंबाला आणि पुष्कळ कांद्यांना एकच ‘मोठे... पडले’ कसे? आणि ‘डाळिंबे’ म्हटले की ‘मोठी... पडली’, म्हणजे मिरचीसारखे! हा घोळ मुलांनी स्वतः शोधला की लिंग आणि वचन या शब्दांची त्यांना गरज वाटू लागते. तेव्हा ती नावे सांगावीत.

प्रयोगांचेही तसेच. सातवीला कर्तरी, कर्मणी, भावे यांच्या व्याख्या देण्याआधी या वाक्यांचे गट करायला द्या : भाऊ कांदा विकतो, बहीण कांदा विकते, भावाने कांदा विकला, भावाने भाजी विकली, भावाने कांदे विकले, भावाने बैलाला बांधले, भावाने गाईला बांधले, बहिणीने बैलांना बांधले. पहिल्या गटात क्रियापद कोणाकडे पाहून बदलते? दुसऱ्यात कोणाकडे? तिसऱ्यात कोणाकडेच नाही. एवढे मुलांच्या तोंडून आले की बाकी फक्त नाव द्यायचे उरते. याची अहिराणी रूपेही वर्गात म्हणून पाहा. घरच्या भाषेतही क्रियापद असेच वळते का, हे मुले स्वतः तपासतील.

विरामचिन्हांना वेगळा तास नको. ‘आज लिलाव बंद आहे’ हे वाक्य पूर्णविराम, प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह अशा तीन पट्ट्या लावून तीन मुलांना मोठ्याने वाचायला सांगितले की झाले.

शिक्षकाला स्वतःसाठी मो. रा. वाळंबे यांचे ‘सुगम मराठी व्याकरण लेखन’ पुरते. ते स्पर्धा परीक्षांमुळे सटाण्यातल्या पुस्तकांच्या दुकानातही मिळते. मुलांच्या हाती मात्र ते देऊ नका.

फुकट मिळणारे चांगले साहित्य

बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतात. त्याहून मोलाचे म्हणजे बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक. ‘किशोर’ १९७१ साली सुरू झाले, आणि त्या जुन्या अंकांत चांगल्या लेखकांनी मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टी, कोडी, माहितीपर लेख आहेत. एखादा लेख निवडून त्याच्या चार-पाच प्रती काढल्या तर चार चिठ्ठ्यांच्या गटाला आठवडाभर पुरतो. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी पायरीनुसार लावलेल्या आहेत आणि त्या छापायला, बदलायलाही परवानगी आहे. म्हणजे गोष्टीतल्या नदीचे नाव मोसम करता येते आणि गावाचे नाव ताहाराबाद. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड ‘दीक्षा’ ॲपवर उघडतात. पण रेंज नसलेल्या वाडीवर हे सगळे सटाण्यात बसूनच उतरवून न्यावे लागते, आणि सहावीच्या मुलांना मोबाइलपेक्षा हातातला कागद जास्त वेळ गुंतवतो, असा माझा तरी अनुभव आहे.

तयार कार्यपत्रिकांचे गठ्ठे मोबाइलवर रोज येतात. घेण्याआधी एकच गोष्ट पाहावी : मुलाला उतारा न वाचताच प्रश्नांची उत्तरे देता येतात का? येत असतील तर ती कार्यपत्रिका सोडून द्या.

वाचनकोपऱ्यात पुस्तके दोरीवर टांगा, मुखपृष्ठ पुढे ठेवून. पुस्तक फाटले तर मुलांनीच चिकटवावे. फाटू नये म्हणून कपाटात ठेवलेले पुस्तक कोणीच वाचत नाही.

दोन शिक्षकी शाळेसाठी

एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता असतील तर सगळे रोज होणार नाही. परिपाठानंतरची वीस मिनिटे पायरीनुसार वाचनाला द्या, इयत्तेनुसार नव्हे. चौथीतले मूल दुसरीच्या गटात बसले तरी त्यात कमीपणा नाही, हे आधी पालकांना सांगून ठेवा. जोडीच्या पट्ट्या आणि वाक्यपट्ट्या मोठ्या मुलांनी लहानांना खेळवाव्यात. चार चिठ्ठ्यांचे काम आठवड्यातून दोनदा, पट्टी किंवा पत्रकासारखा गावातला उतारा एकदा. श्रुतलेखन एकदाच, पण तपासण्यासह. केंद्राच्या शिक्षण परिषदेत प्रत्येक शाळेने आपल्या गावातला एक उतारा प्रश्नांसह आणला, तर वर्षभरात केंद्राकडे स्वतःची चांगली जाड फाइल तयार होते, आणि झेरॉक्सचा खर्च वाटून जातो.

पश्चिम भागातल्या काही मुलांचा वेगळा विचार करावा लागतो. कामाच्या हंगामात आई-वडील दुसरीकडे गेले की मुलेही जातात, आणि परत येतात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. अशा मुलाबरोबर द्यायला एक पाकीट आधीच तयार ठेवा : त्याच्या पायरीच्या दोन गोष्टींच्या प्रती, जोडीच्या दहा-बारा पट्ट्या, पेन्सिल, आणि एक छोटी वही. वहीत अभ्यास द्यायचा नाही. जिथे जाईल तिथल्या पाट्या, फलक, पिशव्यांवरचे शब्द जमतील तसे उतरवून आणायचे, एवढेच काम. आई-वडिलांना वाचता येत नसले तरी गोष्ट ऐकायला ते तयार असतात. मुलाने ती त्यांना वाचून दाखवायची. परत आल्यावर आधी ती वही वर्गात सगळ्यांसमोर वाचू द्या, मग चार पायऱ्यांचे पान पुढे ठेवा आणि मूल जिथे थांबेल त्या गटात त्याला बसवा. धडा कितवा चालू आहे ते त्याला दुसऱ्या आठवड्यात सांगितले तरी चालेल.